पाहुणी म्हणून गेलो, तर तिथून काम करता येतं का?

मागे आमच्या ग्रामसंघाची बैठक होती. विषय ठरला होता कर्जफेडीचा, आणि निघाला व्हिसाचा. झालं असं, की एका गटाच्या सचिवबाई सहा महिन्यांसाठी मुलाकडे परदेशात जाणार होत्या. त्यांनी साधा प्रश्न विचारला. "मी तिथं बसून मोबाईलवर गटाचा हिशेब पाहिला, मसाल्याच्या ऑर्डरी घेतल्या, तर चालते ना? पैसे तर इथल्याच बँकेत येतील." अर्ध्या बाया म्हणाल्या, चालते, त्यात त्या देशाचं काय जाते? उरलेल्या म्हणाल्या, पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. बैठक संपली तरी वाद काही संपला नाही. म्हणून आज रेडिओवर याच विषयावर बोलू.

लाखनीत बसून हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण पाहा, आपल्या तालुक्यातली पोरं पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून बाहेर देशात जाऊ लागली आहेत. लग्न होऊन मुली जातात. मुलीचं बाळंतपण करायला आई जाते, नातू पाहायला आजी जाते. आणि नागझिऱ्याच्या आजूबाजूला घरगुती मुक्काम सुरू झाल्यापासून परदेशातला पाहुणा आपल्याच ओसरीवर येऊन बसू शकतो. तेव्हा हा विषय दोन्ही बाजूंनी आपल्या घरात आलेला आहे.

आधी पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक पाहू, कारण बऱ्याच जणी दोन्ही एकच समजतात. पासपोर्ट आपलं सरकार देतं. तो सांगतो की ही बाई भारताची नागरिक आहे. व्हिसा देतो तो दुसरा देश, आणि तो देताना कारण पाहतो. फिरायला आलात, शिकायला आलात, नोकरीला आलात, की नवऱ्यासोबत आलात? प्रत्येक कारणाचा व्हिसा वेगळा आणि त्याच्या अटीही वेगळ्या. कोणाच्या लग्नाला गेलो म्हणून त्याच्या बांधीत धान कापायला उतरत नाही ना आपण? तसंच आहे ते.

पूर्वी याचा फार गोंधळ नव्हता. काम करायचं तर कारखान्यात, दुकानात, शेतात जावं लागायचं, आणि कोण काम करतंय ते दिसायचं. आता लॅपटॉप नाहीतर मोबाईल उघडला की काम सुरू. माणूस बसलेला एका देशात, मालक दुसऱ्या देशात, पैसे जमा तिसरीकडे. कायदे लिहिले गेले तेव्हा ही गोष्ट कोणाच्या ध्यानात नव्हती. तरी बहुतेक देश एक जुनाच हिशेब लावतात. काम करताना तुमचं शरीर कुठे आहे, ते पाहायचं. मजुरी कोणाच्या घरून येते हे नंतर. रोवणी ज्या बांधीत उभं राहून केली, ती त्या बांधीतली रोवणी. मजुरी मालकाने भंडाऱ्याहून पाठवली म्हणून बांधी काही भंडाऱ्याला जात नाही. आमच्या सचिवबाईंचा "पैसे तर इथल्याच बँकेत येतील" हा मुद्दा इथेच लंगडा पडतो.

पण सगळे देश सारखे नाहीत. काहींनी गेल्या दोन-चार वर्षांत नियम बदलले आहेत, आणि ते बदल आपल्या बाजूचे आहेत.

इंग्लंडचं पाहा. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथल्या सरकारने पाहुण्यांच्या नियमात स्पष्ट लिहिलं, की भेटीला आलेल्या माणसाने आपल्या देशातल्या नोकरीचं काम तिथून ऑनलाइन केलं तरी चालेल. अट एकच. येण्याचा मुख्य हेतू भेट किंवा फिरणं हाच हवा. काम करायलाच येऊन बसलात, तर ते पाहुणेपण नाही. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून अशीच मोकळीक दिली. तिथल्या कंपनीचं किंवा तिथल्या गिऱ्हाईकाचं काम मात्र करायचं नाही, आणि मुक्काम ९० दिवसांच्या वर गेला तर कराचा प्रश्न उभा राहू शकतो. कॅनडाही पाहुण्याला सहा महिन्यांपर्यंत बाहेरच्या मालकाचं काम करू देतो. तिथल्या मालकाकडे लागायचं तर वर्क परमिट हवंच.

म्हणजे आमच्या सचिवबाईंचा मुलगा इंग्लंडात असेल, तर नातवाला झोपवून झाल्यावर त्या गटाचा हिशेब खुशाल पाहू शकतात. इथल्या गटाच्या मसाल्याची इथली ऑर्डर इथल्या बाईला कळवू शकतात. पण तोच मसाला पेटीतून नेऊन तिथल्या शेजारणींना विकायला लागल्या, तर तो तिथला धंदा झाला. पाहुण्याला तो नाही.

काही देशांनी तर अशा कामासाठी वेगळे व्हिसेच काढले आहेत. एस्टोनियाने २०२० साली, स्पेनने २०२३ साली, थायलंडने २०२४ साली. दुबईकडेही आहे. ऐकायला छान वाटतं, पण अटी वाचल्या की कळतं ते कोणासाठी आहे. दुबईला महिन्याला साडेतीन हजार डॉलर कमाई दाखवावी लागते, थायलंडला खात्यात पाच लाख बाट. आपल्या मानधनात हे बसत नाही, म्हणून त्यात जास्त वेळ घालवत नाही.

आता अमेरिका. आपल्या भागातली मुलं सगळ्यात जास्त नाव घेतात ते अमेरिकेचं, आणि सगळ्यात जास्त सांभाळायचंही तिथेच.

आई-वडील मुलाकडे जातात तो बी-२ वर्गाचा व्हिसा, म्हणजे फिरण्या-भेटण्याचा. पुष्कळदा बी-१ आणि बी-२ एकत्रच मिळतो. बी-१ वर बैठकीला जाणं, करार करणं अशी धंद्याची थोडी कामं करता येतात. पण नोकरी दोन्हींवर नाही. आणि इंग्लंडसारखी "बाहेरच्या मालकाचं काम बसून करा" अशी लेखी मोकळीक अमेरिकेने पाहुण्यांना दिलेली नाही. म्हणून तिथले वकील सावध राहायला सांगतात. माझं मतही तेच आहे. सहा महिने जायचं असेल तर गटाच्या सचिवपदाचा कारभार ठराव करून दुसऱ्या बाईकडे द्या, तेवढ्या काळाचं मानधन तिलाच जाऊ द्या, आणि आपण नातवंडात रमा. यात गटाचंही भलं आहे. सही करणारी बाई सहा महिने सातासमुद्रापार असली, तर बँकेची कामं अडतातच की.

मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना गटाची खुशाली विचारली, तर ती नोकरी नाही. आपल्या नातवाला आंघोळ घालणं, लेकीला डिंकाचे लाडू करून देणं ही पण नोकरी नाही. ते नातं आहे. पण शेजारच्या मराठी कुटुंबाचं बाळ पैसे घेऊन सांभाळलं, डब्याच्या पोळ्या लाटून दिल्या, दिवाळीच्या चकल्यांची ऑर्डर घेतली, की ते काम झालं. "हौस म्हणून करते" हे खरं असलं तरी हातात डॉलर पडला की हौस राहत नाही. व्हिसाची अट मोडली असं ठरलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढच्या खेपेला विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. तिथले अधिकारी मोबाईलही तपासू शकतात, आणि ऑर्डरीचे संदेश त्यातच असतात! आणखी एक. मुदत संपल्यावर राहिलात आणि १८० दिवसांच्या वर गेलात, तर बाहेर पडल्यावर तीन वर्षं येता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. एखाद्या आजीसाठी दहा वर्षं म्हणजे किती, ते मी सांगायला नको.

आता लेकींचं बोलू. मला सगळ्यात जास्त वाटतं ते यांच्याबद्दल.

मुलगी इंजिनिअर आहे, इथे नोकरी करते. मुलगा अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहे. लग्न ठरतं, मांडव पडतो, मुलगी एच-४ व्हिसावर जाते. एच-४ म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेली बायको. या व्हिसावर तिला तिथं राहता येतं, शिकता येतं, पण नुसत्या व्हिसावर कमावता येत नाही. इथली कंपनी म्हणते, "तिथून ऑनलाइन काम चालू ठेव", आणि मुलीला वाटतं काही हरकत नाही, कंपनी तर पुण्याची आहे. पण ती बसली आहे अमेरिकेत. तिच्याजवळ कामाचा परवाना नसेल, तर ही जोखीम तिच्या अंगावर आहे, कंपनीच्या नाही. पुढे नवऱ्याच्या ग्रीन कार्डासोबत तिचा अर्ज जातो, तेव्हा "परवान्याशिवाय कधी काम केलं का" हा प्रश्न तिला विचारला जातो. खोटं लिहिणं हा तर आणखी मोठा गुन्हा.

मग वाट काय? २६ मे २०१५ पासून अमेरिकेने काही एच-४ बायकांना कामाचा परवाना द्यायला सुरुवात केली. त्याला ईएडी म्हणतात, एक कार्ड मिळतं. पण तो सगळ्यांना नाही. नवऱ्याची ग्रीन कार्डाची वाट बरीच पुढे गेलेली असावी लागते, म्हणजे त्याच्या कंपनीने भरलेला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झालेला असावा, किंवा त्याला एच-१बीची सहा वर्षांच्या पुढची वाढ मिळालेली असावी. नुकताच गेलेला मुलगा यात बसत नाही. या नियमाविरुद्ध तिथल्या काही लोकांनी कोर्टात दावा लावला होता. तो वर्षानुवर्षं चालला, पण नियम टिकला. मात्र दुसरीकडून फास आवळला आहे. पूर्वी कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत दिला, की जुनं कार्ड काही काळ आपोआप पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांना ती सवलत बंद झाली. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून काम थांबवायचं. मुदतीच्या १८० दिवस आधीपासून अर्ज देता येतो, तो पहिल्याच दिवशी द्यायला लेकीला सांगा.

कंपनीनेच बदली करून पाठवलेला मुलगा एल-१ व्हिसावर असतो. त्याची बायको एल-२ वर जाते, आणि तिला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या कार्डाची वाट न पाहता काम करता येतं. म्हणजे एकाच गावच्या दोन मुली, दोघी अमेरिकेत, दोघींचे नवरे एकाच तऱ्हेचं काम करणारे. एक पहिल्या महिन्यापासून कमावते, दुसरी घरात बसून खिडकीतून बर्फ पाहते. फरक एका अक्षराचा.

इंग्लंडात कुशल कामगार व्हिसावर गेलेल्या माणसाच्या बायकोला काम करता येतं. जर्मनीत नवऱ्याकडे राहायला गेलेल्या बायकोलाही येतं. दुबईत नवऱ्याच्या नावावर राहणाऱ्या बाईला काम करता येतं, पण वेगळं वर्क परमिट काढून. कॅनडाने मात्र जानेवारी २०२५ पासून नियम कडक केले. आता सगळ्याच कामगारांच्या जोडीदारांना खुला परवाना मिळत नाही.

म्हणून म्हणते, मुलगा परदेशातला असेल तर पाहणीच्या वेळी शेती किती, घर कोणाच्या नावावर, हे जसं विचारता, तसं व्हिसा कोणता आणि त्यावर आमच्या मुलीला काम करता येईल का, हेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. दहा वर्षं शिकवलेल्या मुलीची कमाई, तिचा हातखर्च, तिचं मन, सगळं त्या एका उत्तरावर आहे. नवऱ्याकडे पैसा मागून चहापत्ती आणायची पाळी लाखनीतल्या बाईला नको वाटते, म्हणून आपण गट काढले. तीच पाळी मुलीवर विमानात बसून गेल्यावर येऊ नये.

आता उलटी बाजू. समजा एखाद्या गटाने नागझिरा-नवेगाव व्याघ्र प्रकल्पाच्या फाटकाजवळ घरगुती मुक्काम सुरू केला आहे. एक परदेशी बाई येते, वाघ पाहते, आणि म्हणते, "मी इथे महिनाभर राहते, माझं काम ऑनलाइन आहे." गोव्यात हे नेहमीचं आहे. हरमल, मोरजी, अश्वे या किनाऱ्यांवर हिवाळाभर राहणारे परदेशी लोक लॅपटॉप घेऊन बसलेले दिसतात. भारताचा कायदा काय म्हणतो? आपल्याकडे अशा कामासाठी वेगळा व्हिसा नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर काय काय करता येतं याची यादी आहे. फिरणं, नातेवाईक-मित्रांना भेटणं, योगाचा छोटा वर्ग, थोड्या मुदतीचं शिक्षण, असं. यादीत नोकरी नाही. नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा वेगळा, आणि त्याला सर्वसाधारणपणे वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. काही कामांना त्यातून सूट आहे.

त्याच यादीत आपल्या कामाची एक ओळ आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करता येते, पण त्याच्या बदल्यात पैसा किंवा कसलाही मोबदला घेता येत नाही. म्हणजे पाहुणीने गावच्या मुलींना चार दिवस इंग्रजी शिकवलं, तर आनंद आहे. पण "तू आमच्या मुक्कामाची जाहिरात करून दे, आम्ही तुझं खोलीभाडं घेणार नाही", असा सौदा केला की तो मोबदला झाला. आपल्याला वाटतं पाहुणचार, कायद्याला वाटतं मजुरी.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात नवा कायदा लागू झाला आहे, आप्रवासन व परदेशी नागरिक कायदा, २०२५. त्याने १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा आणि आणखी तीन कायदे मोडीत काढले. मुदतीपेक्षा जास्त राहणं किंवा व्हिसाची अट मोडणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही शिक्षा त्या पाहुणीला. पण यजमान म्हणून आपलंही एक काम आहे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. लोक याला अजून 'सी फॉर्म' म्हणतात. मोठ्या हॉटेलाला लागू आणि आपल्याला नाही, असं नाही. एका खोलीच्या घरगुती मुक्कामालाही लागू आहे, आणि परदेशी जावई सासरी आला तरीही. जिल्ह्यात या नोंदणीचे अधिकारी पोलीस अधीक्षक असतात, म्हणून भंडाऱ्याला त्यांच्या कार्यालयात जाऊन आपल्या मुक्कामाची नोंद आधीच करून घ्या. पाहुणा दारात उभा राहिल्यावर पासवर्ड शोधत बसू नका. पाहुण्याचा पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही पाहून झेरॉक्स ठेवा. ती लॅपटॉपवर काय करते हे तपासणं आपलं काम नाही, पण तिने विचारलं तर "चालते, इथे कोण पाहते?" असं आपण म्हणू नये.

शेवटची बाजू सगळ्यात वाईट आहे. पाहुण्याच्या व्हिसावर आपल्या पोरांना कामाला नेणारे दलाल.

मोबाईलवर जाहिरात येते. थायलंडला डेटा एंट्रीचं काम, पगार साठ-सत्तर हजार, राहणं-खाणं मोफत, व्हिसाची चिंता नाही. चिंता नसतेच, कारण थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय फिरायला यायची मुभा दिली. पोरगा फिरायला म्हणून जातो, आणि तिथून त्याला सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात. तिथे बंद वाड्यांत बसवून लोकांना ऑनलाइन फसवायचं काम करून घेतात. पासपोर्ट काढून घेतात, मारतात, सोडायचे पैसे मागतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना थायलंडच्या माय सोटमार्गे परत आणलं. हे सगळे लॅपटॉपवरच काम करत होते, हे ध्यानात घ्या.

आखाती देशात घरकामासाठी नेणाऱ्यांचीही हीच युक्ती असते. दहावी पास नसलेल्या बाईच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. अशा बाईला सौदी, कुवेत, ओमान, दुबई अशा ठरावीक देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. घरकामासाठी वय किमान ३० हवं, आणि भरती सरकारने ठरवलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. हे टाळायला दलाल म्हणतो, "ताई, व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो." मग कामाचा करार नाही, विमा नाही, आणि मालकाने पगार बुडवला तर तक्रार करायला गेलेली बाईच आधी बेकायदा ठरते. कायदेशीर वाटेने गेलेल्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. एवढ्या दोन-पावणेतीनशे रुपयांची ती वाट सोडून लोक दलालाला लाख-लाख देतात, याचं मला नवल वाटतं. नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही.

एजंट खरा की खोटा हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. त्याच्या नावासमोर परवाना क्रमांक असतो. गटातल्या कोणा शिकलेल्या मुलीला पाहायला सांगा, किंवा ग्रामपंचायतीच्या आपले सरकार केंद्रात. परदेशात कामाला जाण्याबाबत काही विचारायचं असेल, तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा फुकटचा नंबर आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, आणि तो पहिल्या तासातच लावायचा. व्हिसावर कोणतं काम चालतं, हे मात्र ज्या देशात जायचं त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा, आणि जाण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचा. मी आज सांगितलेल्या तारखा पाहिल्यात ना, नियम किती भराभर बदलतात.

आणि हो, आमच्या सचिवबाईंचा मुलगा न्यूझीलंडला आहे. बैठकीत ही गोष्ट कोणी विचारलीच नव्हती. त्या आता तीन महिन्यांचंच तिकीट काढणार आहेत, आणि हिशेबाची वही तोवर अध्यक्षबाईंकडे राहील.